निरंक

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज कागदांवर बोलू. कंटाळवाणा विषय वाटेल, पण थोडा धीर धरा, यातही माणसं मरतात आणि लढाईपेक्षा जास्त मरतात.

फौजेत आम्हाला रोज, आठवड्याला, महिन्याला रिटर्न पाठवावी लागत. आजारी किती, जखमी किती, सर्पदंश किती. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निल'. मराठी कचेऱ्यांत त्याला 'निरंक' म्हणतात. निरंकचे दोन अर्थ होऊ शकतात: तिथे काही घडलं नाही, किंवा तिथे कोणी बघितलंच नाही. वर बसलेल्या साहेबाला कागद दोन्ही वेळा सारखाच दिसतो. देशाच्या आरोग्याच्या आकडेवारीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, असं मला वाटतं.

सुरुवात फौजेपासूनच झाली. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या आपल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला आयोग नेमला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधी हिंदुस्थानात आल्या नाहीत, पण छावण्यांकडून आलेल्या माहितीचे ढीग त्यांनी लंडनला बसून उपसले. १८६३ च्या अहवालात गोऱ्या शिपायांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला, आणि त्यातले बरेचसे मृत्यू गोळीने नव्हे, तर ताप, हगवण, कॉलऱ्याने झालेले. छावणीतला शिपाई मोजणं सोपं असतं. रोज सकाळी हजेरी असते, एक कमी झाला तर कळतंच. खेड्यातल्या माणसाची हजेरी कोण घेणार?

तिथे ते काम चौकीदार, पाटील, कोतवाल यांच्यावर पडलं. बंगालात चौकीदार ठाण्यात जाऊन जन्ममृत्यू सांगायचा. रोगांचे रकाने मोजके होते: कॉलरा, देवी, प्लेग, हगवण आणि 'ताप'. ज्याचं काही कळलं नाही तो तापाने गेला. मलेरिया, टायफॉइड, क्षय, बाळंतरोग, सगळे त्या एका रकान्यात. चौकीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची नेमणूक चोर पकडण्यासाठी होती.

किती मृत्यू नोंदीतून सुटतात, हे मोजायची युक्ती याच बंगालात निघाली. हुगळी जिल्ह्यात सिंगूर नावाचं गाव आहे (मोटारकारखान्याच्या वादामुळे ते तुम्हाला ठाऊक असेल). तिथे कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थचं आरोग्यकेंद्र होतं. १९४७ साली तिथे घरोघरी जाऊन आधीच्या दोन वर्षांतले जन्ममृत्यू विचारले आणि ती यादी सरकारी नोंदवहीशी ताडून पाहिली. त्यावर सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये निबंध लिहिला. डेमिंग म्हणजे पुढे जपानी कारखान्यांना गुणवत्ता शिकवणारे तेच.

युक्ती फौजी माणसाला लगेच पटते. एकाच जंगलात दोन गस्ती पाठवा, पण एकमेकींशी बोलू देऊ नका. पहिलीने ८० खुणा पाहिल्या, दुसरीने ७०. दोघींच्या यादीत सामाईक निघाल्या ५६. म्हणजे दुसरीला दिसलेल्या ७० पैकी ५६, शेकडा ८०, पहिलीच्या नजरेला पडल्या होत्या. तर पहिली गस्त शंभरातल्या ८० पाहते, आणि जंगलात एकूण खुणा साधारण १०० असणार. दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी ९४च होतात. उरलेल्या सहा कोणालाच दिसल्या नाहीत, पण आहेत. अट एकच: दुसऱ्या गस्तीने पहिलीची डायरी बघायची नाही. बघितली तर याद्या छान जुळतात आणि आकडा खोटा पडतो.

आपली सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिम याच विचारावर उभी आहे. १९६४-६५ ला प्रायोगिक सुरू झाली, १९६९-७० पर्यंत देशभर पसरली. निवडक गावांत आणि वस्त्यांत एक अर्धवेळ गणक, बहुधा तिथलाच शिक्षक, वर्षभर जन्ममृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. दोघांच्या याद्या ताडतात आणि जे जुळत नाही त्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १२९ अर्भकं दगावत होती आणि २०२० मध्ये २८, हे आपण छातीठोकपणे सांगतो ते या व्यवस्थेच्या जोरावर. त्या अर्धवेळ गणकाला कुठलं पदक मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता देवीची गोष्ट. अहवाल सुधारला की आधी बदनामी होते, हे तिच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. १९७२ मध्ये देशात देवीचे सुमारे २७ हजार रुग्ण नोंदले गेले. खालच्या अधिकाऱ्याला ठाऊक असायचं की रुग्ण कळवले तर आपल्याच कामावर बोट ठेवलं जाईल. मग कशाला कळवायचं? ऑक्टोबर १९७३ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन शोध घेतला. हातात देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड, आणि प्रश्न एकच: असं कोणी पाहिलंत का? एरवी आठवड्याला काही शेकडे रुग्ण येत, तिथे या एका फेरीत दोन राज्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास निघाले.

विचार करा, त्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांचं काय झालं असेल. वर्षाचा आकडा ८८ हजार झाला, १९७४ मध्ये १ लाख ८८ हजार. बिहारमध्ये साथ खरोखरच भडकली होती, नुसत्या मोजणीने आकडा फुगला असं नाही. त्याच मे महिन्यात आपण पोखरणला अणुचाचणी केली आणि परदेशी वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. पण शोध थांबवला नाही. शोध झालेल्या गावांपैकी काही गावं वेगळी माणसं जाऊन पुन्हा तपासत. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं, आणि रोग जसा आटत गेला तसं ते वाढवलं. १९७५ मध्ये ते हजार रुपये झालं होतं. याचा फायदा असा की निरंक अहवालाला किंमत आली. हजार रुपये लावूनही कोणी रुग्ण आणत नाही, तर तो बहुधा नाहीच. मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २००८ मध्ये आरोग्य मंत्रालयाचं एचएमआयएस पोर्टल आलं, कागद संगणकावर गेले. पूर्वी जिल्ह्याची बेरीज वर जायची, आता एकेका दवाखान्याचा आकडा दिसतो. चांगलं झालं. पण जो दवाखान्यात पोचलाच नाही, तो पोर्टलवरही नाही. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं.

सर्पदंशाचं बघा. सॅम्पल रजिस्ट्रेशनच्या घरांत जाऊन, मृत्यू कसा झाला ते घरच्यांना विचारून केलेला अभ्यास २०११ मध्ये छापला गेला. त्याचा अंदाज: वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू. रुग्णालयांच्या सरकारी आकड्याच्या तीस पटींहून जास्त. ही माणसं शेतात, मांत्रिकाच्या दारात, बैलगाडीत गेली. प्रतिविषाच्या कुप्या मात्र रुग्णालयाच्या आकड्यावरून मागवल्या जात होत्या. मी सीमेवरच्या एका चौकीत असताना जवळच्या आरोग्यकेंद्रात एकही कुपी नव्हती. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, इकडे केसच नाहीत." आठवड्यापूर्वीच पलीकडच्या वस्तीतलं पोर गेलं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना लिहिलं की सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करा, म्हणजे सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक रुग्णालयाने रुग्ण आणि मृत्यू कळवायचे. वस्तीतलं पोर घरीच गेलं तर ते कोणी कळवायचं? आशाताईने की पोलीस पाटलाने? आणि तिथला आकडा पहिल्या वर्षी वाढला, तर तिथल्या डॉक्टरला नोटीस जाणार की कुप्या?