बंदिवासवाचक शब्द

मराठीत बंदिवासासाठी रूढ असलेले शब्द समानार्थी भासले, तरी त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. अरबीतून आलेल्या ‘कैद’ शब्दाचा मूळ अर्थ बेडी किंवा बंधन असा असून, ‘तुरुंग’ हा पोर्तुगीज ‘त्रोंको’ (झाडाचे खोड, खोडा) या शब्दापासून आला आहे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी इमारत नाही, तर जखडण्याचे साधन आहे. अमरावतीचे मध्यवर्ती आणि अकोल्याचे जिल्हा कारागृह सरकारदप्तरी ‘कारागृह’ असले, तरी वऱ्हाडातील बोलण्यात ते ‘जेल’च असते. ‘अटक’ ही केवळ ताब्यात घेण्याची क्रिया होय. तिच्यानंतर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केल्यावर मिळते ती ‘कोठडी’, आणि ती पोलिसांची की न्यायालयीन, यावर आरोपीची चौकशी व मुक्काम अवलंबून असतो. ‘कारावास’ मात्र दोषसिद्धीनंतरची शिक्षा असून, श्रम करावे लागल्यास तो सश्रम (सक्तमजुरी), एरवी साधा ठरतो. ‘जन्मठेप’ म्हणजे चौदा वर्षे हा समज चुकीचा आहे, कारण सूट मिळाली नाही तर ती आयुष्यभराची असते. ‘स्थानबद्धता’ गुन्हा सिद्ध न होताही, प्रतिबंधासाठी लादली जाते.