फ्रीडम हाउसची रुग्णवाहिका आणि नगरपालिकेची परीक्षा

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याविषयी आपल्या चळवळीला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्या पँथरचे नाव घेऊन. त्यांच्या कविता, त्यांची आत्मचरित्रे आपण वाचली, त्यांवर परिसंवाद भरवले. परंतु त्या लढ्याचा एक भाग आपल्याकडे फारसा आला नाही, कारण तो साहित्याच्या वाटेने येत नाही. रस्त्यावर कोसळलेल्या माणसावर गाडीतच उपचार करणारा जो पॅरामेडिक आज दिसतो, त्याला घडवणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीत झाला. तो करणारी माणसे शहराने नोकरीला नालायक ठरवलेली होती. त्यांनी उभे केलेले काम सरकारी झाले तेव्हा त्यांचे काय झाले, हा माझा विषय आहे.

त्या काळची अमेरिका म्हणजे चंद्राकडे निघालेला देश. आणि तिथली रुग्णवाहिका? राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९६६ च्या अहवालात नोंद आहे की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे सुमारे १२,००० जण चालवीत. कारण साधे होते: आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होते. दोन शिपाई रोग्याला उचलून गाडीच्या मागच्या भागात टाकीत आणि दोघेही पुढे बसून गाडी हाकीत. रोगी मागे एकटा. हिल डिस्ट्रिक्ट ही तिथली काळ्यांची वस्ती. १९५० च्या दशकात शहरसुधारणेच्या नावाखाली तिचा खालचा भाग पाडून सुमारे ८,००० माणसे उठवली गेली आणि त्या जागी क्रीडागृह बांधले गेले. या वस्तीत पोलिसांची गाडी उशिरा येई, कधी येतही नसे. आणि ज्या गाडीतून मुलाला काल पकडून नेले, तीच गाडी आज आईसाठी बोलवायची, हे कोणाच्या जिवावर येणार नाही?

४ नोव्हेंबर १९६६ रोजी पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेले. इस्पितळात हृदय सुरू झाले, पण मेंदू गेला होता. तिथे त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पीटर साफार हे मूळचे व्हिएन्नाचे. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याच्या पद्धतीचे ते एक जनक. त्याच वर्षी त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याने गेली होती. रुग्णवाहिकेतल्या सामान्य माणसाला हे शिक्षण देता येईल, असे त्यांचे मत होते. फॉक मेडिकल फंडाचे फिल हॅलन यांच्याजवळ पैसा उभा करण्याची शक्ती होती. आणि हिल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस ही काळ्यांची संस्था होती, जी तेव्हा वस्तीत भाजीपाला पोचवण्याचे काम करीत असे. १९६७ मध्ये हे तिघे एकत्र आले.

पहिल्या तुकडीत सुमारे पंचवीस जण. कोणी व्हिएतनामहून परतलेला, कोणी तुरुंगातून सुटलेला, निम्म्यांची शाळाही पुरी झालेली नव्हती. त्यांना शरीरशास्त्रापासून गाडी हाकण्यापर्यंत सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले गेले. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. काही गोऱ्या रोग्यांनी मरणाच्या दारातही काळ्या हाताचा स्पर्श नाकारला.

इथे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवलेली हकिगत आठवते. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकीना. तिला बाहेर आणले तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला. परत येतानाही तोच क्रम. बाई गेली. पिट्सबर्गमध्ये रोगी स्पर्श नाकारीत होता, काठेवाडात डॉक्टर. दोन्हीकडे मरणारा माणूस मेला तरी चालेल, पण क्रम बिघडता कामा नये!

फ्रीडम हाउसचे काम कसे होते? १९७२ मध्ये साफार यांनी केलेल्या तपासणीत गंभीर रोग्यांना योग्य उपचार देण्याचे त्यांचे प्रमाण ८९ टक्के निघाले; पोलिसांचे ३८ आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांचे १३. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन १९७४ मध्ये त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. या मुलांना शिकवताना त्यांनी जी पद्धत बसवली, तिच्यातून पुढे साऱ्या देशाचा पॅरामेडिक अभ्यासक्रम तयार झाला.

आता पैशाकडे येऊ. फॉकचे अनुदान, केंद्र सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन योजनेचा निधी आणि नगरपालिकेचा करार, या तीन पायांवर संस्था उभी होती. तिसरा पाय नेहमी डळमळता. महापौर पीट फ्लाहर्टी यांच्या काळात नगरपालिकेचे पैसे वेळेवर येत नसत आणि सेवा इतर भागांत पसरवू दिली जात नव्हती. गोऱ्या वस्त्यांतले लोक विचारू लागले की हिल डिस्ट्रिक्टला मिळते ते आम्हाला का नाही? प्रश्न रास्तच होता. त्याचे सोपे उत्तर फ्रीडम हाउसला वाढवणे हे होते. महापौरांनी नगरपालिकेची स्वतंत्र सेवा काढली आणि १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाउस बंद झाले.

कॅरोलाइन यांनी अट घातली होती की जुन्या माणसांना सामावून घ्या. घेतले. मग लेखी परीक्षा आल्या, त्यांना कधी न शिकवलेल्या विषयांच्या. जुने गुन्हे उकरून काढून काहींना घालवले. जोड्या फोडल्या आणि कमी अनुभवाच्या गोऱ्यांना त्यांच्यावर नेमले. थोड्याच काळात बहुतेक जण बाहेर पडले आणि सेवा जवळजवळ गोरी झाली. जॉन मून यांच्यासारखे मोजके टिकले. ते साहाय्यक प्रमुखपदापर्यंत चढून २००९ मध्ये निवृत्त झाले.

मी घराण्यातला पहिला पदवीधर आहे, राखीव जागेवर नेमलेला प्राध्यापक आहे, आणि ‘गुणवत्ता’ हा शब्द रोज स्टाफरूममध्ये ऐकतो. म्हणून ही परीक्षा मला फार ओळखीची वाटते. काम धोक्याचे आणि बिनपगारी-अर्धपगारी असते तोवर गुणवत्तेची आठवण कोणाला होत नाही. त्याला कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन जोडले की लगेच प्रश्नपत्रिका निघते. आपली चळवळ सरकारीकरणाच्या बाजूची आहे आणि मीही आहे. बाबासाहेबांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या ताब्यात मागितले ते उगीच नाही. देणगीदाराच्या मर्जीवर जीव वाचवण्याचे काम ठेवता येत नाही. परंतु बाबासाहेबांनी ते घटनेतच लिहून मागितले होते, पुढच्या बहुमताच्या मर्जीवर सोडले नव्हते. फ्रीडम हाउसच्या माणसांजवळ कॅरोलाइनबाईंची एक अट होती, कायद्याचे कलम नव्हते.

महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांसह. प्रत्येक गाडीवर डॉक्टर. तो शहरातल्या इस्पितळाप्रमाणेच तांड्यावर आणि बौद्धवाड्यातही जातो, ही गोष्ट मी लहान मानत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतून बाळंतीण बैलगाडीतूनच तालुक्याला जाई. १०८ चा पैसा शासनाचा आणि चालवणारी खाजगी कंपनी. गाडी किती मिनिटांत आली, हे शासन मोजू शकते आणि मोजावेच. पण कंत्राटदाराच्या नोकरभरतीला आरक्षणाचा कायदा लागत नाही, त्यामुळे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या या कामात चालकाच्या आसनावर कोण, डॉक्टर कोण आणि नियंत्रणकक्षाच्या वरच्या खुर्चीत कोण, हे विचारण्याचे साधन आपल्या हाती राहत नाही. १०८ चा ठेका पुन्हा निघेल तेव्हा जुनी माणसे कोणत्या कलमाखाली राहणार, हे आपल्या संघटनांनी निविदा निघण्यापूर्वी विचारले पाहिजे. नंतर परीक्षा सुरू होते.