एक जुडी सांबार

इतिहासाच्या पुस्तकात कोण कुणाशी लढलं हे तारीखवार दिलेलं असतं. पण लढायला निघताना ती मंडळी काय खाऊन निघाली, याचा पत्ता नसतो. १७६१च्या पानिपताची कारणं आम्हाला शाळेत पाठ करावी लागत. त्यांत पाचवं की सहावं कारण 'सैन्याची उपासमार' हे असे. म्हणजे स्वयंपाकघर इतिहासात येतं ते बंद पडल्यावर. चूल पेटती आहे तोवर तिची दखल घ्यायची नाही, असा इतिहासकारांचा बाणा. बहुधा ही सगळी पुरुषमंडळी जेवण आटोपून, पान जमवून मग लिहायला बसत असावीत. भरल्या पोटी माणसाला लढाया सुचतात. फोडणी सुचत नाही.

या बाबतीत मला रामटेकचं फार वाटतं. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव. आमच्या आत्याचं ते सासर. गडावर रामाचं देऊळ, खाली अंबाळा तलाव, आसपास पानमळे आणि पलीकडे जंगल. रामाने इथे टेक घेतली, म्हणजे प्रतिज्ञा केली, म्हणून रामटेक, असं म्हणतात. राम इथे टेकला, म्हणजे विसावला, म्हणून रामटेक, असंही सांगतात. पाडव्याचा वडाभात जेवल्यावर दुसरी व्युत्पत्ती मला नेहमीच जास्त शास्त्रशुद्ध वाटत आली आहे.

तिकडचा वसंत कॅलेंडरात बघावा लागत नाही. फाल्गुनात पळस पेटतो. पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात आणि उजाडायच्या आत ती वेचायला माणसं रानात जातात. संत्र्याचा मृगबहार बाजारात येतो. कैरी धरते. आपण बासुंदीवर जी चारोळी पसरतो ती ज्या चाराच्या बिया, तो चार त्याच रानात पिकायला लागतो. होळीला पुरणपोळी, पाडव्याला कडुनिंब आणि त्याचा कडवटपणा घालवायला गोडधोड, रामनवमीला दुपारी बाराला सुंठवडा आणि चैत्रभर हळदीकुंकवाची डाळ-पन्हं. देवळाशेजारच्या झाडाखाली रोडग्यांची पंगत व्हायची ती निराळीच. रोडगा हा शब्द एकनाथांच्या भारुडामुळे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, राख झटकून, तुपात बुडवून तो वांग्याच्या भाजीशी खाल्लेला मात्र विदर्भाने. बाकीच्यांनी तो देवीला नुसता कबूल केला.

अशा या गावात कालिदासाचा यक्ष राहून गेला. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. दुसऱ्या काही डोंगरांनीही हक्क सांगितला आहे, पण ते डोंगर आमच्या आत्यासमोर टिकले नसते. यक्षाची शिक्षा एक वर्षाची. ढग दिसला आषाढात आणि शाप सुटायला चार महिने उरले होते. म्हणजे आठ महिने झाले होते. म्हणजेच होळी, पाडवा, रामनवमी हे सगळं त्याने रामटेकला काढलं. आणि तरी तो इतका वाळला होता की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं! विरहाने, असं कालिदास म्हणतो. आत्या म्हणायची, "कसला विरह बाप्पा! चैत्र गेला आणि एका घरून जेवायला बोलावणं नाही, तर कडं पडणारच. आमच्याकडे आला असता तर कडं कापून काढावं लागलं असतं."

बरं, यक्ष काव्यातला. पण खरीखुरी माणसंही इथे होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात पडली, लवकर विधवा झाली आणि मुलं लहान म्हणून तिने राज्य चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं आजचं नगरधन. सोळाशे वर्षं होऊन गेली. वाकाटकांचे ताम्रपट वाचावेत. मोठे मजेशीर आहेत. दान दिलेल्या गावाला कसकशातून सूट, याची यादी त्यांत असते. त्यात एक सूट अशी, की या गावाने फुलं आणि दूध पुरवायचं नाही. म्हणजे साहेब दौऱ्यावर आले की गावाने दूध घेऊन धावायचं, ही पद्धत तेव्हापासूनची! ज्या इतिहासात जेवणाचा उल्लेख नाही म्हणून मी तक्रार करतो, त्यात दूध आहे. पण कुणी प्यायचं नाही त्याच्या कलमात.

खरी गंमत पुढेच आहे. प्रभावतीने नंदिवर्धनातून दिलेला एक ताम्रपट पुढे पुण्यात मिळाला. त्यामुळे साऱ्या विद्वत्जगात तो 'पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो. राणी तिकडची, गाव तिकडचं, तांब्यावर अक्षर कोरलं तिकडे. आणि नाव पुण्याचं! मी पुण्यात वाढलो असल्याने याबद्दल मला वाईट वाटण्याऐवजी जरा बरंच वाटतं. पण याच चालीने पुढे आणखी काय काय झालं, ते सांगायचं आहे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेला. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि यात्रेचं आयुष्यच झालं. त्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटाने रिद्धपूरला बसून गोळा केल्या, तो 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. म्हणजे मराठी गद्य पहिल्यांदा पाटावर बसलं ते विदर्भात. आणि या ग्रंथात माणसं जेवतात! भिक्षा मागतात, वाढतात, रुसतात, हे आवडतं ते नको म्हणतात. घरात बोलतात तशा भाषेत घरातलं लिहिलं म्हणूनच तो ग्रंथ साडेसातशे वर्षं ताजा राहिला. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लपवून ठेवले, हेही मला पाककृतीच्या परंपरेला धरूनच वाटतं. सगळं साहित्य सांगायचं आणि एक जिन्नस गाळायचा, ही सांकेतिक लिपी आमच्या काही नातेवाईक बायकांना अजून येते.

पुढे छापखाना आला. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' या जाडजूड पुस्तकात हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि तिने मराठी स्वयंपाकघराला वाटी-चमच्याचं माप दिलं. हे उपकार लहान नव्हेत. त्याआधी शेर होता, आणि शेर गावोगाव बदलत असे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ला झाला तरी आत्याच्या घरी पायली आणि कुडव पुढे बरीच वर्षं नांदत होते. लग्न करून दूरगावी गेलेल्या, आई जवळ नसलेल्या हजारो मुलींना या पुस्तकांनी हात धरून चुलीशी बसवलं. आमच्या आईची 'रुचिरा' हळदीने इतकी पिवळी झाली होती, की कोणत्या पानावर कोणता पदार्थ हे वासावरून सांगता यायचं.

पण छापील मराठी म्हणजे पुण्या-मुंबईकडची मराठी, आणि तिथला नारळ. 'एक नारळ खवून घ्यावा' हे वाक्य लिहायला सोपं. रामटेकहून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरच्या पलीकडे. तिकडे नारळ देवळात फुटायचा. स्वयंपाकात सुकं खोबरं आणि खसखस. शिवाय नागपूर ही १९५६पर्यंत मध्यप्रांताची राजधानी, म्हणजे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. त्यामुळे बटाट्याचा आलू झाला, शेंगदाण्याची फल्ली झाली. पुस्तकातली वाटी रामटेकपर्यंत पोहोचली. रामटेकचे शब्द मात्र पुस्तकापर्यंत पोहोचले नाहीत.

ते आमच्या घरी पोस्टकार्डावरून पोहोचले. एका चैत्रात आईने वडाभाताची कृती मागवली आणि आत्याने ती लिहून धाडली. 'सौ. वहिनीस सा. न. वि. वि.' इथपर्यंत ठीक होतं. पुढे होतं: गंजात भात मोकळा शिजवून कोपरात पसरावा. हरभऱ्याची, तुरीची, मुगाची, उडदाची डाळ भिजवून भरड वाटावी, त्यात तिखट-मीठ-हिंग आणि एक जुडी सांबार चिरून घालावा. वडे तळताना सराट्याने उलटावेत. जोडीला पोपटाची भाजी करावी.

आईने कार्ड दोनदा वाचलं. मग बाबांकडे गेली.

"अहो, वन्सं गंजात भात शिजवतात? भांड्यांना कल्हई नाही का करत?"

"गंज म्हणजे पातेलं," बाबा पेपरामागून म्हणाले.

"आणि कोपरात पसरायचा?" आईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"परात."

"सराटा?"

"उलथनं."

"एक जुडी सांबार म्हणजे? उडप्याकडे जुडी कधीपासून मिळते?"

"कोथिंबीर."

यानंतर आई जरा थांबली. सदाशिव पेठेतल्या माहेराचा सगळा सोवळेपणा तिच्या चेहऱ्यावर गोळा झाला. "आणि पोपटाची भाजी? तुमच्याकडे पोपट खातात?"

"हो," बाबांनी पान उलटलं. "कोवळे असले की छान लागतात. फक्त सोलायला वेळ लागतो."

पोपट म्हणजे वालासारख्या शेंगा, हे कळेपर्यंत त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

पण आईचं मोठेपण असं, की तिने ते कार्ड 'शुद्ध' करून वहीत उतरवून घेतलं नाही. तिने ते होतं तसं 'रुचिरा'च्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलं आणि समासात बारीक अक्षरात अर्थ लिहिले. मग दर चैत्रात रामटेकहून एक कार्ड येऊ लागलं. कोहळ्याचे बोंड आले आणि त्यांच्याशेजारी टीप आली: 'वन्संचं कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. आपला कोहळा घेऊ नये, फसतं.' ही टीप अनुभवाची होती. त्या अनुभवाचे आम्ही साक्षीदार होतो. उत्तरादाखल आईची श्रीखंडाची कृती रामटेकला गेली. तिच्यावर आत्याचा शेरा आला: 'चांगलं झालं, पण एवढ्याशा वाटीनं आमच्याकडे कोणाचं होते!' तिकडे मापाचा प्रश्नच नव्हता. तेल किती, तर 'हात आखडू नये'. गूळ किती, तर 'पाहुणे कोणते आहेत ते पाहून'.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तिची नात पुण्याला आमच्याकडे आली होती. वडाभात करून राहिली होती म्हणून मी मुद्दाम स्वयंपाकघरात डोकावलो. म्हटलं, "तो कोपर घे." तिने मागे वळून, कुणाचं कोपर लागलं का, ते पाहिलं. सांबार तिला ठाऊक होता, कारण सांबारवडी अजून नागपुरात विकत मिळते. ज्या शब्दाचा पदार्थ विकला जातो तो शब्द जगतो. गंज, कोपर, सराटा हे विकत कोण घेणार? स्टीलच्या दुकानात त्यांची जी नावं लावली तीच घरात आली. ती मुलगी रामटेकची आणि तिच्या आजीचे शब्द पुण्यातल्या एका पिवळ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर! ताम्रपटाचं झालं तेच पोस्टकार्डाचं झालं.

मी तिला ते पान दाखवलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं. मग वडे तळायचे बाजूला ठेवून, गॅस बंद करून पुन्हा वाचलं. 'पुणे पोस्टकार्ड' असं त्याचं नाव पडायच्या आत ते रामटेकला परत गेलेलं बरं, असं ठरवून मी पुस्तकच तिच्या पिशवीत घातलं. समासातल्या आईच्या टिपांसकट. कारण आता त्या टिपा रामटेकलाच लागणार.

तेव्हा या चैत्रात कुणाला कृती लिहून द्याल तर एवढं करा: माप पुस्तकातलं द्या, पण शब्द घरातले ठेवा. समोरच्याला कळले नाहीत तर तो विचारील, आणि विचारायला म्हणून दुसरं पत्र येईल. त्या साठ्यातलीच ही कैरीची डाळ, आत्याच्या शब्दांत: 'हरभऱ्याची डाळ सकाळी भिजू घालावी, दुपारी भरड वाटावी. लगदा नको. कैरी किसून घालावी. आंबट किती आहे ते आधी चाखावं, कैरीवर भरवसा नको. मीठ, चिमूटभर साखर. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी लाल मिरच्या मोडून, आणि ती थंड झाल्यावर घालावी. सांबार वरून. किती जणांना पुरेल म्हणून विचारू नये, बाया आल्या की पुरते.'