गालांट, आडोल्फ

(१९ मार्च १९१२–९ फेब्रुवारी १९९६). जर्मन लढाऊ वैमानिक, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमानदलाचा प्रमुख व विमानयुद्धविषयक आठवणींचा लेखक. त्याचा जन्म वेस्टफेलिया प्रांतातील वेस्टरहोल्ट येथे झाला. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे देशत्याग केलेल्या ह्यूगनॉट पंथीयांपैकी त्याचे पूर्वज होत. वडील तेथील एका सरदार घराण्याच्या जहागिरीचे कारभारी होते. चार भावांपैकी आडोल्फ हा दुसरा. त्याचे दोन धाकटे भाऊही पुढे लढाऊ वैमानिक झाले व दोघेही युद्धात मारले गेले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने (१९१९) जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास बंदी केली होती. त्यामुळे जर्मन तरुणांची उड्डाणाची हौस ग्लायडरच्या मंडळांकडे वळली. गालांटनेही शाळकरी वयात ग्लायडर उडविण्यात प्रावीण्य मिळविले. १९३२ मध्ये ब्राउनश्वाइक येथील नागरी वैमानिक विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. या विद्यालयांच्या आडोशाने भावी लष्करी वैमानिक तयार होत होते. १९३३ मध्ये गुप्त लष्करी शिक्षणासाठी इटलीस पाठविलेल्या तरुणांत त्याचा समावेश होता. नाझी राजवटीने १९३५ मध्ये जर्मन वायुसेनेचे अस्तित्व उघडपणे जाहीर केले, तेव्हा तो रिख्टहोफेन लढाऊ पथकात दाखल झाला. त्याच वर्षी एका अपघातात त्याच्या कवटीस गंभीर इजा झाली व डाव्या डोळ्यात काचेचे कण राहिले. दृष्टिपरीक्षेच्या तक्त्यावरील अक्षरे पाठ करून त्याने वैद्यकीय तपासणी पार पाडली व आपली उड्डाणाची परवानगी टिकविली.

स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या मदतीस गेलेल्या जर्मन ‘काँडोर लीजन’मध्ये गालांट मे १९३७ मध्ये रुजू झाला. त्याच्या तुकडीकडे हाइंकेल-५१ ही दुपंखी विमाने होती. सोव्हिएट बनावटीच्या नव्या लढाऊ विमानांपुढे ती निष्प्रभ ठरत. म्हणून त्यांचा उपयोग जमिनीवरील फौजा, खंदक व रस्ते यांवर खालून उडत मारा करण्यासाठी होऊ लागला. गालांटने तेथे सुमारे ३०० उड्डाणे केली आणि भूसेनेला विमानांचे निकट साहाय्य कसे द्यावे, यासंबंधी तपशीलवार अहवाल लिहिले. पेट्रोल व तेल यांच्या मिश्रणाचे आगलावे बाँबही त्याच्या तुकडीने तयार करून वापरले. १९३८ मध्ये तुकडीची सूत्रे त्याने व्हेर्नर मोल्डर्सकडे सोपविली. मोल्डर्सला नवीन मेसरश्मिट-१०९ विमाने मिळाली व हवाई द्वंद्वाचे नवे तंत्र त्याने विकसित केले. गालांट मात्र भूमारा-तज्ञ म्हणून ओळखला जाऊ लागला. सप्टेंबर १९३९ मधील पोलंडवरील आक्रमणातही तो हेन्शेल-१२३ या दुपंखी विमानाच्या पथकात होता. संधिवाताचे निमित्त सांगून त्याने उघड्या बैठकीच्या विमानांतून आपली सुटका करून घेतली व फेब्रुवारी १९४० मध्ये लढाऊ विमानदलात बदली मिळविली.

पश्चिम आघाडीवर १२ मे १९४० रोजी बेल्जियममध्ये त्याने शत्रूचे पहिले विमान पाडले. जूनमध्ये सव्विसाव्या लढाऊ पथकातील एका गटाचे व २२ ऑगस्ट १९४० रोजी संपूर्ण पथकाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. ओठांत चिरूट व विमानावर मिकी माउसचे चित्र यांमुळे तो लोकप्रिय झाला व नाझी प्रचारयंत्रणेने या लोकप्रियतेचा पुरेपूर उपयोग केला. ब्रिटनच्या हवाई लढाईत त्याला दोन गोष्टींची जाणीव झाली. पहिली म्हणजे मेसरश्मिट-१०९ चा पल्ला अपुरा होता. इंधनाच्या मर्यादेमुळे लंडनवर जेमतेम काही मिनिटेच लढता येई. दुसरी गोष्ट डावपेचांची होती. बाँबफेकी विमानांची हानी वाढू लागताच वायुसेनाप्रमुख हेरमान गोरिंग याने लढाऊ विमानांनी त्यांच्या अगदी जवळून, त्यांच्याच मंद गतीने उडावे, असा आदेश काढला. लढाऊ विमानाचे बळ उंची, वेग व पुढाकार यांत असते. या आदेशाने ते तिन्ही हिरावून घेतले. आणखी काय हवे, असे गोरिंगने विचारताच आपल्या पथकासाठी ब्रिटिश स्पिटफायर विमाने द्यावीत, असे उत्तर गालांटने दिल्याचा प्रसंग त्याने पुढे आठवणींत नमूद केला आहे. स्पिटफायर सर्वस्वी श्रेष्ठ आहे, असे त्याला म्हणावयाचे नव्हते. ते बचावाच्या अशा कामास अधिक सोयीचे आहे, हे सुचवून आदेशातील विसंगती त्याने दाखविली.

जून १९४१ मध्ये सोव्हिएट रशियावरील आक्रमणासाठी जर्मन वायुसेनेचा बहुतेक भाग पूर्वेस गेला. फ्रान्स व बेल्जियमच्या किनाऱ्यावर मुख्यत्वे दोन लढाऊ पथके उरली. त्यांपैकी एक गालांटचे होते. २१ जून १९४१ रोजी एकाच दिवसात दोनदा त्याचे विमान निकामी झाले. दुसऱ्या वेळी त्याने हवाई छत्रीच्या साहाय्याने प्राण वाचविले. त्याच दिवशी नाइट्स क्रॉस या सन्मानाची ‘तलवारी’ ही श्रेणी त्याला देण्यात आली व तिचा तो पहिला मानकरी ठरला. ऑगस्टमध्ये डग्लस बेडर हा दोन्ही पाय कृत्रिम असलेला ब्रिटिश वैमानिक त्याच्या क्षेत्रात पकडला गेला. गालांटने त्याचा पाहुणचार केला. बेडरसाठी नवा कृत्रिम पाय ब्रिटिश विमानाने टाकावा, अशी व्यवस्थाही झाली. या दोघांची युद्धोत्तर काळातील मैत्री सर्वश्रुत आहे.

नोव्हेंबर १९४१ मध्ये वायुसेनेच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख एर्न्स्ट उडेट याने आत्महत्या केली. त्याच्या अंत्यविधीस येताना मोल्डर्स विमान-अपघातात मरण पावला. मोल्डर्सच्या जागी गालांटची लढाऊ विमानदलाचा प्रमुख म्हणून नियुक्ती झाली. नव्या पदावरील त्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नाइझेनाउ’ व ‘प्रिन्स ऑयगेन’ या युद्धनौकांना इंग्लिश खाडीतून भरदिवसा पार करताना दिलेले हवाई संरक्षण. पाळीपाळीने येणाऱ्या लढाऊ तुकड्यांचे छत्र नौकांवर सतत राहील, अशी योजना त्याने आखली. ब्रिटिशांनी धाडलेली सहाही स्वोर्डफिश पाणतीर-विमाने नष्ट झाली व नौका जर्मनीस पोहोचल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. जर्मन सेनादलांतील सर्वांत तरुण सेनापतींपैकी तो एक होता.

या पदाचे स्वरूप मात्र नावावरून वाटते तसे नव्हते. लढाऊ पथकांचे प्रत्यक्ष संचालन वेगवेगळ्या हवाई सेनाविभागांकडे असे. गालांटकडे शिक्षण, साधनसामग्री, डावपेच व तपासणी यांची जबाबदारी होती. तो सल्ला देऊ शके. निर्णय गोरिंगचा व अखेर हिटलरचा असे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्ग शहर बाँबवर्षावात बेचिराख झाले, तेव्हा वायुसेनेच्या वरिष्ठांनी बचावावर सर्व शक्ती एकवटावी, असे एकमुखाने ठरविले. पण हिटलरने ते फेटाळून इंग्लंडवर प्रतिहल्ल्याचीच मागणी केली, असे गालांटने लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी रेगेन्सबुर्क व श्वाइनफुर्ट यांवर आणि १४ ऑक्टोबर रोजी पुन्हा श्वाइनफुर्टवर अमेरिकेने हल्ले केले. दोन्ही वेळी अमेरिकेची प्रत्येकी ६० बाँबफेकी विमाने पाडली गेली. लढाऊ विमानांच्या संरक्षणाखेरीज दिवसा जर्मनीत खोलवर जाणे शक्य नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले. पण १७ ऑगस्टच्या लढाईतच गालांटचा भाऊ व्हिल्हेल्म-फेर्डिनांट अमेरिकन लढाऊ विमानांकडून मारला गेला. दुसरा भाऊ पाउल ऑक्टोबर १९४२ मध्येच मृत्युमुखी पडला होता.

१९४४ च्या प्रारंभी अमेरिकेची मस्टँग ही लांब पल्ल्याची लढाऊ विमाने जर्मनीच्या अंतर्भागात येऊ लागली. त्याच सुमारास अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेचा सेनापती जेम्स डूलिटल याने आपल्या लढाऊ वैमानिकांना बाँबफेकी विमानांशी बांधून न राहता शत्रूची विमाने शोधून नष्ट करण्याची मुभा दिली. उलट गोरिंगने आपल्या वैमानिकांना शत्रूची लढाऊ विमाने टाळून केवळ बाँबफेकी विमानांवर हल्ला करावयास सांगितले होते. १९४० मध्ये गालांटने ज्या चुकीविरुद्ध तक्रार केली होती, ती शत्रूने वेळीच सुधारली. स्वपक्षाने मात्र नव्या स्वरूपात तिचीच पुनरावृत्ती केली. परिणाम भयंकर झाला. जानेवारी ते एप्रिल १९४४ या चार महिन्यांत दिवसा लढणाऱ्या पथकांचे १,००० हून अधिक वैमानिक कामी आले, असे गालांटने वरिष्ठांना कळविले. विमानांचे उत्पादन त्या वर्षी उच्चांकास पोहोचले. परंतु अनुभवी वैमानिकांची जागा अपुऱ्या शिक्षणाची मुले घेत होती. मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले व सप्टेंबरपर्यंत विमान-इंधनाचे उत्पादन एप्रिलच्या दशांशाहूनही खाली आले. नव्या वैमानिकांना उड्डाणाचा सराव देण्यापुरतेही इंधन त्यानंतर उरले नाही.

मेसरश्मिट-२६२ या जेट विमानाशी गालांटचे नाव कायमचे जोडले गेले आहे. २२ मे १९४३ रोजी त्याने ते स्वतः उडवून पाहिले आणि अन्य प्रकल्प बाजूस ठेवून त्याचे उत्पादन हाती घेण्याची शिफारस केली. हिटलरला मात्र ते शीघ्रगती बाँबफेकी विमान म्हणून हवे होते व मे १९४४ मध्ये त्याने तसा सक्त आदेश दिला. या आदेशामुळे युद्धातील मोठी संधी वाया गेली, हे गालांटचे मत पुष्कळ वर्षे प्रमाण मानले जात होते. नंतरच्या संशोधनाने त्यास मर्यादा घातल्या आहेत. विलंबाचे मुख्य कारण इंजिनांत होते. उष्णतेस टिकणाऱ्या मिश्रधातूंसाठी लागणाऱ्या निकेल व क्रोमियमची जर्मनीत टंचाई असल्याने युंकर्स कंपनीची इंजिने अल्पायुषी ठरली. दहा ते पंचवीस तासांच्या वापरानंतर ती बदलावी लागत. १९४४ च्या उन्हाळ्यापूर्वी त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ शकले नाही. हिटलरच्या आदेशाने घोटाळा वाढला. पण तो आदेश नसता, तरी एक वर्ष आधी आकाश जेट विमानांनी भरले असते, असे म्हणता येत नाही.

याच विमानाची दुसरी बाजू गालांटच्या आठवणींत जवळजवळ दिसत नाही. बाँबवर्षावापासून उत्पादन वाचविण्यासाठी ते भुयारांत व जंगलांत हलविण्यात आले आणि तेथे छळछावण्यांतील कैद्यांना राबविण्यात आले. ऑस्ट्रियातील गूझेन छावणीलगतच्या भुयारांत या विमानांचे सांगाडे तयार होत. तेथे हजारो कैदी उपासमार, मारहाण व अतिश्रम यांनी मृत्यू पावले. जेट विमानाचा वेग व तांत्रिक प्रगती यांचा विचार करताना ही किंमत वगळता येत नाही.

१९४४ च्या शरद ऋतूत गालांटने काटकसरीने मोठे राखीव दल उभे केले. सुमारे २,००० विमानांनी एकाच दिवशी अमेरिकन हवाई ताफ्यावर तुटून पडावे, अशी त्याची योजना होती. ते दल हिटलरने आर्देनच्या चढाईकडे वळविले. १ जानेवारी १९४५ रोजी या दलाने दोस्तांच्या विमानतळांवर पहाटे हल्ला केला. त्यात जर्मनीची सुमारे ३०० विमाने व २०० हून अधिक वैमानिक गमावले गेले. दोस्तांची बहुतेक हानी जमिनीवरील विमानांची असल्याने ती लवकरच भरून निघाली. जर्मनीची हानी भरून येणारी नव्हती. गोरिंगने अपयशाचे खापर वैमानिकांवर फोडले व गालांटला पदावरून दूर केले. तेव्हा ग्युंटर ल्युट्सोव्ह व योहानेस श्टाइनहोफ प्रभृती ज्येष्ठ पथकप्रमुखांनी गोरिंगसमोर उघड निषेध नोंदविला. इतिहासात हा प्रसंग ‘लढाऊ वैमानिकांचे बंड’ म्हणून ओळखला जातो.

हिटलरने गालांटला जेट विमानांची एक लहान तुकडी उभारण्याची परवानगी दिली. लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने एका तुकडीचे नेतृत्व करावे, ही घटना अपवादात्मकच. चव्वेचाळीस क्रमांकाची ही तुकडी मार्च १९४५ अखेर म्यूनिकजवळील रीम विमानतळावर आली. वरिष्ठांच्या रोषास पात्र झालेले अनेक नामवंत वैमानिक तीत जमा झाले. श्टाइनहोफ १८ एप्रिल रोजी उड्डाण करताना भयंकर भाजला. ल्युट्सोव्ह २४ एप्रिलच्या उड्डाणावरून परतला नाही. २६ एप्रिल रोजी गालांटने अमेरिकन मरॉडर विमानांवर हल्ला केला व त्यात थंडरबोल्ट विमानाच्या गोळ्यांनी तो गुडघ्यास जखमी झाला. हेच त्याचे अखेरचे लढाऊ उड्डाण. मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यास कैद केले. त्याच्या नावावर १०४ विमाने नोंदली गेली असून ती सर्व पश्चिमेकडील शत्रूंची आहेत.

१९४७ मध्ये सुटका झाल्यावर तो अर्जेंटिनास गेला व १९४८ ते १९५५ पर्यंत तेथील वायुसेनेचा सल्लागार होता. ‘पहिले आणि अखेरचे’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्याचा आठवणींचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला व अनेक भाषांत वाचला गेला. नव्या पश्चिम जर्मन वायुसेनेत त्याला पद मिळाले नाही; विमान-उद्योगाचा सल्लागार म्हणून त्याने उर्वरित आयुष्य घालविले. ब्रिटनच्या हवाई लढाईवरील १९६९ च्या इंग्रजी चित्रपटासही त्याने तांत्रिक साहाय्य केले. ऱ्हाईनकाठच्या ओबरव्हिंटर येथे त्याचे निधन झाले.

हवाई बचावाचे महत्त्व, वैमानिकांच्या शिक्षणाची गरज व लढाऊ विमानांच्या मोकळिकीचे तत्त्व यांविषयीची गालांटची मते घटनांनी खरी ठरविली. गोरिंगपुढे स्पष्ट बोलण्याचे धैर्यही त्याच्या अंगी होते. मात्र हा विरोध युद्ध कसे लढावे याविषयी होता. ते कशासाठी लढले जात आहे, याविषयी नव्हता. त्याचा सल्ला मानला गेला असता, तर जर्मन शहरांतील काही जीव कदाचित वाचले असते; त्याबरोबरच पोलंडपासून फ्रान्सपर्यंतच्या जनतेवरील नाझी अंमलही लांबला असता. त्याच्या ग्रंथात सैनिक हा राजकारणापासून अलिप्त असा व्यावसायिक म्हणून उभा राहतो. पराभूत सेनानींनी युद्धानंतर लिहिलेल्या बहुतेक आठवणींचा सूर हाच आहे. विमानयुद्धाच्या अभ्यासकास हा ग्रंथ अपरिहार्य असला, तरी त्यातील मौनाची नोंद घेऊनच तो वाचावा लागतो.