मातीची मगर आणि लुंदाये नाच

एखाद्या समाजाच्या 'पारंपरिक' नृत्याचे कौतुक करताना ते मुळात कशासाठी नाचले जात होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बोर्निओच्या उत्तर भागातील लुंदाये समाजाच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही.

'लुन' म्हणजे माणसे आणि 'दाये' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख. सारावाकमधील लावासच्या बाजूला हेच लोक स्वतःला 'लुन बावांग' म्हणवतात. ब्रिटिश अमदानीतील दप्तरांत ते 'मुरुत' झाले. 1891 च्या इंग्रज-डच कराराने ठरलेली सरहद्द त्यांच्याच डोंगरांतून गेली. आज हा समाज मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांत विभागलेला आहे.

पूर्वी शत्रूचे शिर घेऊन पुरुष परतले की मातीची प्रचंड मगर रचली जाई आणि उंच खांब उभारला जाई. मग भाताची दारू, मेजवानी आणि मगरीभोवती नाच. त्या मेजवानीला 'इराउ' म्हणत. हा नाच म्हणजे निव्वळ करमणूक नव्हती. विजयाला सामाजिक मान्यता देणारा तो विधी होता.

ब्रूक राजवटीने शिरच्छेदाला बंदी केली आणि विधीचे कारणच संपले. पुढे 1928 मध्ये मेलबर्नमध्ये स्थापन झालेल्या एका ख्रिस्ती मिशनचे प्रचारक येथे पोचले. 1930 च्या दशकापासून समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाला, दारूही सुटली. व्यसन आणि रोगराईने खचलेल्या या लोकांच्या आठवणीत धर्मांतराची कथा प्रामुख्याने तगून राहण्याची कथा आहे. त्यामुळे 'बाहेरच्यांनी संस्कृती बुडवली' हा आपला सोपा निष्कर्ष येथे अपुरा पडतो. जुन्या विधीकडे पाठ फिरवण्यात त्यांच्या स्वतःच्या इच्छेचाही वाटा होता.

आणि तरीही नाच उरला. लावास येथे दरवर्षी 1 जूनला 'इराउ आचो लुन बावांग' हा उत्सव भरतो. 'आचो' म्हणजे दिवस. मण्यांच्या टोप्या घातलेल्या स्त्रिया तेथे नाचतात, बांबूच्या वाद्यांचे वृंद वाजतात. शब्द तोच, इराउ. पण आता त्यात शिर नाही, दारूला पूर्वीचे स्थान नाही.

अशा नाचाला कुणी 'नकली' म्हणेल. मला ते अन्यायाचे वाटते. ज्या भूतकाळाकडे परत जायचे नाही, त्यातले नेमके काय सोबत न्यायचे हे ठरविण्याचा अधिकार त्या समाजाचाच आहे. साबामधील लाँग पासिया परिसरात मातीच्या जुन्या मगरींचे अवशेष अजून दाखवले जातात. त्यांच्याभोवतीचा नाच थांबला आहे. पण नाचणाऱ्यांच्या वंशजांनी मगर पुसून टाकलेली नाही.