खाटकाचा पोर, लोहाराचा पोर आणि आठवा हेन्री

आजचा भाग इंग्लंडच्या आठव्या हेन्रीवर आहे, पण त्याच्या सहा बायकांवर नाही. त्यांच्यावर सिनेमे, सिरीयल, सगळं येऊन गेलंय. मला बोलायचंय ते त्याच्या दोन माणसांबद्दल. राज्य हेन्रीचं होतं, पण त्याचा रोजचा कारभार कितीतरी वर्षं या दोघांनी ओढला. दोघांचंही नाव थॉमस. (त्या दरबारात दगड भिरकावला असता तर तो कुठल्यातरी थॉमसलाच लागला असता. आज अजून एक येणार आहे.)

आधी तो समाज डोळ्यासमोर आणा. वर देव, खाली राजा, मग ड्यूक, अर्ल, बॅरन, आणि उतरत उतरत शेतमजूर. जो जिथे जन्मला तिथेच त्याने राहायचं, ही देवाचीच योजना, असं चर्चमधून शिकवलं जायचं. कपड्यांवरसुद्धा कायदा होता. १५३३ च्या कायद्यात कोणी कुठलं कापड घालायचं हे दर्जानुसार ठरवून दिलंय. जांभळं रेशीम मुख्यतः राजघराण्यासाठी. म्हणजे माणूस कोण आहे हे लांबूनच कळलं पाहिजे.

अशा समाजात इप्सविचच्या एका खाटकाचा मुलगा वर चढतो. थॉमस वुल्झी. वर जायचा एकच जिना होता, तो म्हणजे चर्च. ऑक्सफर्डला शिकला, पाद्री झाला, दरबारात शिरला. १५०९ मध्ये हेन्री गादीवर आला तेव्हा तो अठराही पूर्ण नव्हता. त्याला शिकार हवी, भाल्यांचे सामने हवेत, कागदपत्रांचा मनापासून कंटाळा. वुल्झीला नेमकं तेच काम आवडायचं. १५१३ च्या फ्रान्सवरच्या स्वारीत सैन्याचं अन्न, जहाजं, दारूगोळा सगळं त्याने जमवून दाखवलं. दोनच वर्षांत तो यॉर्कचा आर्चबिशप, कार्डिनल आणि लॉर्ड चान्सलर झाला. हॅम्प्टन कोर्टसारखा राजवाडा बांधला. जुने सरदार आतल्या आत जळत होते.

राजाने अशी माणसं का निवडली? गुणांची कदर होतीच. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. ड्यूकला स्वतःची जमीन असते, माणसं असतात, अंगात थोडं राजरक्तही असू शकतं. खाटकाच्या पोराकडे राजाच्या मर्जीशिवाय काहीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण ॲडमिन ॲक्सेस, पण अकाउंट दुसऱ्याच्या नावावर.

१५२७ पासून हेन्रीला कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं, आणि पोप त्याच्या मुठीत गेला. चार्ल्स हा कॅथरीनचा सख्खा भाचा. आता वुल्झी काय करणार होता? १५२९ मध्ये लंडनला या खटल्याची सुनावणी झाली आणि निकाल न देताच ती तहकूब झाली. ऑक्टोबरपर्यंत वुल्झीची सत्ता गेली. आरोप काय, तर पोपचा प्रतिनिधी म्हणून त्याने इंग्लंडमध्ये अधिकार गाजवला! अहो, ते पद त्याला मिळावं म्हणून पोपच्या मागे लागलेला माणूस स्वतः हेन्री होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो. १५३० च्या नोव्हेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनकडे नेत असताना लेस्टरच्या मठात वुल्झी वारला. कुऱ्हाडीपासून वाचला, एवढंच.

दुसरा थॉमस क्रॉमवेल हा वुल्झीच्याच हाताखाली तयार झालेला. बाप पटनीचा, लोहारकाम करायचा, बिअर गाळायचा. पोरगा तरुणपणी इटलीत गेला, अँटवर्पला व्यापार शिकला, परत येऊन वकिली केली. वुल्झीला जमलं नाही ते याने केलं: पोपलाच बाजूला काढलं. १५३४ च्या कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. मग १५३६ ते १५४० मध्ये सुमारे ८०० मठ बंद झाले आणि त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची, हा हुकूमही त्याचाच.

१५३६ मध्ये उत्तरेत मोठं बंड झालं, ३०,००० च्या आसपास माणसं. मठ वाचवा, ही मागणी होतीच. दुसरी अशी की राजाभोवतीचे हलक्या कुळातले सल्लागार हटवा. गंमत बघा, बंडखोर राजाविरुद्ध एक शब्द बोलत नाहीत. राजा चांगलाच असतो, वाईट असतो तो सल्लागार. हेन्रीला ही समजूत फार सोयीची होती. निर्णय त्याचा, शिव्या क्रॉमवेलला.

आणि क्रॉमवेल साधा बळी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १५३९ मध्ये सॅलिसबरीच्या वयस्क काउंटेसला, मार्गरेट पोलला, राजद्रोही ठरवलं गेलं. पुरावा म्हणून क्रॉमवेलने पार्लमेंटसमोर एक भरतकाम केलेला अंगरखा धरला. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. पार्लमेंटने कायदा करायचा आणि माणूस दोषी. या पद्धतीला ‘ॲटेंडर’ म्हणतात.

पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये राजाने क्रॉमवेलला अर्ल ऑफ एसेक्स केलं. १० जूनला कौन्सिलच्या बैठकीतच त्याला अटक झाली. तिथे आपला तिसरा थॉमस, ड्यूक ऑफ नॉरफक, पुढे आला आणि त्याच्या अंगावरचं मानचिन्ह ओरबाडून काढलं. ॲन ऑफ क्लीव्हजशी जमवलेलं लग्न राजाला नको होतं, आणि नॉरफकची पुतणी कॅथरीन हॉवर्ड आता राजाच्या मनात भरली होती. क्रॉमवेलवर ॲटेंडर लागला, बाजू मांडायची संधी न देता. २८ जुलैला त्याचं डोकं उडवलं, आणि त्याच दिवशी हेन्रीने कॅथरीनशी लग्न केलं. काही महिन्यांनी फ्रेंच वकिलाने मायदेशी कळवलं की राजा आता मंत्र्यांनाच दोष देतोय, म्हणतोय की तुम्ही माझा सगळ्यात इमानी नोकर मारायला लावलात.

नॉरफकची पाळी १५४७ च्या जानेवारीत आली. तोच ॲटेंडर. पण २८ तारखेला राजाच मेला आणि म्हातारा वाचला. सहा वर्षं टॉवरमध्ये काढून सुटला, ड्यूकपद परत मिळालं, आणि घरी अंथरुणात मेला. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची सगळी व्यवस्था ज्याने पाहिली, तो त्याच घराण्यातला अठरावा ड्यूक ऑफ नॉरफक.