गाळाची बखर

कुदळ हे इतिहासाचे मोठे विलक्षण साधन आहे. शोधायला जावे एक आणि ती दाखवते दुसरेच. २००४ साली इस्तंबूलच्या येनिकापी भागात भुयारी रेल्वेच्या स्थानकासाठी खोदकाम सुरू झाले, आणि मातीखालून थिओडोशियस बादशहाचे बंदर निघाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे बंदर. इजिप्तचे धान्य येथे उतरे, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चुली पेटत. पुढल्या काही वर्षांत तेथे ३७ नावांचे सांगाडे हाती आले.

भूशास्त्रज्ञ मात्र भोवतीच्या गाळाकडे वळले. निवांत पाणी आपला बारीक गाळ थरावर थर असा पसरत जाते. येथे मध्येच एक थर असा लागला की, शिंपले, कुंभांच्या खापऱ्या, लाकडाचे तुकडे, जनावरांची हाडे—सारे एकमेकांत कालवलेले! हे काम खवळलेल्या पाण्याचे. थर सहाव्या शतकातला. म्हणून काही अभ्यासक त्याची सांगड ५५७ च्या डिसेंबरातील भूकंपाशी घालतात, आणि त्याने उठवलेल्या लाटेची ती खूण मानतात.

त्या भूकंपाची हकीकत अगाथियस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. अनातोलियस नावाचा सरदार बिछान्यात असताना भिंतीवरची संगमरवरी फरशी कोसळून मेला, हे त्याने नावानिशी नोंदवले. धक्क्यावरच्या हमालांची, खलाशांची नावे कोण लिहिणार? त्यांच्यासाठी तो थर तेवढा बोलतो.

पण त्या तडाख्याने बंदर मेले नाही. सापडलेल्या पुष्कळ नावा त्यानंतरच्या, थेट अकराव्या शतकापर्यंतच्या आहेत. बंदराचा जीव घेतला तो लायकस नावाच्या एका ओढ्याने. वर्षानुवर्षे तो माती आणून ओतत राहिला. पाणी उथळ झाले, किनारा पुढे सरकला, आणि जेथे गलबते नांगर टाकीत, तेथे भाजीचे मळे पिकू लागले.

आम्ही मास्तर मंडळी मुलांकडून भूकंपांच्या नि लढायांच्या सनावळ्या घोकून घेतो. ओढ्याला सनावळी नाही, म्हणून तो पुस्तकातून निसटतो. येनिकापीला मात्र त्याची बखर वाचता आली. कारण ज्या गाळाने बंदर बुजवले, त्यानेच ओल धरून, हवा अडवून त्या नावांचे लाकूड हजार वर्षे कुजू दिले नाही.